मुळ्याची वडी, आई आणि कर्णबधिर वेटर: हाँगकाँगच्या एका कॅफेतलं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण हाँगकाँगमधल्या काउलून भागातल्या एका कॅफेतलं आहे. कॅफेचं नाव, गल्ली, माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत आणि ओळख पटेल अशा एक-दोन गोष्टी बदलल्यात. मी त्या टेबलावर होते, नंतर कॅफेच्या सुपरवायझरशी आणि त्या वेटरशीही सविस्तर बोलले (वेटरशी वहीत लिहून), आणि दोन्हीकडच्यांना विचारूनच हे लिहितेय. भारतातून आई-वडील फिरायला आले की त्यांना घेऊन कुठे जेवायला जायचं हा प्रश्न इथल्या प्रत्येक मराठी घरात असतो, म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवावंसं वाटलं.

टेबलावर पाच जण होतो. मुलगा, सून (ती माझी मैत्रीण), मुलाची आई, त्याची मावशी आणि मी. आई पक्क्या शाकाहारी, अंडंही नाही. मावशी एरवी अंडं खातात, पण चातुर्मास चालू होता त्यामुळे दोघींचं कांदा-लसूणही बंद. मुलगा-सून सगळं खातात, मीही खाते. हे मिश्र टेबल पुढे महत्त्वाचं ठरलं.

कॅफे एका सेवाभावी संस्थेचा आहे. बाहेर ऑर्डर घेणारे बहुतेक जण कर्णबधिर, आत भांडी, पॅकिंग, भाज्या चिरणं ही कामं बौद्धिक अपंगत्व असलेली मोठी मुलं-मुली करतात, आणि डिमसम बनवणारे सिफू म्हणजे मुख्य आचारी मोठ्या रेस्टॉरंटमधून रिटायर होऊन इथे आलेत. हाँगकाँगमध्ये असे उद्योग बरेच आहेत. सरकारच्या समाजकल्याण खात्याने 2001 मध्ये अपंग व्यक्तींना रोजगार देणाऱ्या छोट्या उद्योगांसाठी भांडवल द्यायची योजना काढली, तिची अट अशी की कामावरचे निम्मे तरी लोक अपंग असावेत. किमान वेतनाचा कायदा 1 मे 2011 पासून लागू आहे, 1 मे 2025 ला तो दर तासाला 42.1 हाँगकाँग डॉलर झाला, आणि तो अपंग कामगारांनाही लागू आहे, फक्त एखाद्याला हवं असेल तर त्याच्या कामाच्या क्षमतेचं मूल्यमापन करून त्या प्रमाणात पगार ठरवायची सोय कायद्यात आहे. हे एवढ्यासाठी सांगतेय की तिथे काम करणारी माणसं पगारावर आहेत, त्यांना शिफ्ट आहे, त्यांच्या कामाकडून अपेक्षा आहेत. आपल्याकडून मात्र ‘तिथे जाऊन दोन घास खाल्ले म्हणजे पुण्य’ असं मनात येऊनच आत शिरलं जातं.

आता डिमसमबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सकाळी किंवा दुपारी चहाबरोबर छोट्या छोट्या बांबूच्या टोपल्यांमधून वाफवलेले, तळलेले पदार्थ सगळ्यांनी मिळून खायचे, याला इथे यम चा म्हणतात. हार गाव म्हणजे पारदर्शक पारीतली कोळंबी, सिऊ माय म्हणजे डुक्कर आणि कोळंबी, चार सिऊ बाव म्हणजे भाजलेल्या डुकराच्या मांसाचा गोडसर पाव, च्योंग फन म्हणजे तांदळाच्या पातळ पापुद्र्याची सुरळी. ऑर्डर बहुधा एका छापील कागदावर पेन्सिलीने खुणा करून देतात. पदार्थ ज्याने मागवला त्याच्यापुढे येत नाही, टेबलाच्या मधोमध येतो आणि ज्याला हवा तो उचलतो. चहा कोणी ओतून दिला की दोन बोटं टेबलावर हलकेच टकटक करायची, ते आभार. मावशींना ही पद्धत फार आवडली, कारण त्या वेटरशी बोलायला त्यांना लगेच एक भाषा मिळाली, त्याने चहा ओतला की या टकटक करायच्या आणि तो हसायचा.

अडचण नेमकी कुठे आली

मुलगा पूर्वी पवईला राहायचा. तिथे 2015 मध्ये मिर्ची अँड माइम सुरू झालं होतं, कर्णबधिर वेटर आणि मेन्यूत प्रत्येक पदार्थासमोर त्याची खूण दिलेली. तिथे तो बऱ्याचदा गेलेला, त्यामुळे ‘मला जमतं, मी बघतो’ म्हणून ऑर्डर त्यानेच हातात घेतली. पण खुणांची भाषा जगभर एक नसते, भारतातली वेगळी, हाँगकाँगची वेगळी, आणि या कॅफेत मेन्यूवर खुणा दिलेल्या नव्हत्या, फक्त चिनी आणि इंग्रजी नावं आणि बारीक चित्रं.

सुरुवात चांगली केली त्याने. फोनवर भाषांतर करून चिनीत वाक्य दाखवलं: मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, कांदा-लसूण नाही. आणि बोटाने आई आणि मावशींकडे दाखवलं. वेटरने वाचलं, मान डोलावली, अंगठा दाखवला. मग कागदावर खुणा झाल्या. मशरूम आणि भाज्यांचे वाफवलेले डंपलिंग, पालेभाजी, कोळंबीचे हार गाव आमच्यासाठी, आणि इंग्रजीत ‘टर्निप केक’ लिहिलेला एक पदार्थ. मुलगा म्हणाला, आई, ही आपली मुळ्याची वडीच आहे, तुला आवडेल.

लो बाक गो. किसलेला पांढरा मुळा आणि तांदळाचं पीठ वाफवून, वड्या कापून तव्यावर खरपूस भाजतात. दिसायला अगदी आपल्या कोथिंबीर वडीच्या बहिणीसारखी. पण त्यात नेहमीच्या पद्धतीने सुकी कोळंबी आणि लाप च्योंग नावाचं सुकवलेलं डुकराच्या मांसाचं सॉसेज बारीक चिरून घालतात. नावात मुळाच आहे, चित्रात पांढरी वडीच आहे, त्यामुळे नवीन माणसाला कळायचा काही मार्ग नाही. पालेभाजीवर ऑयस्टर म्हणजे कालवांचा सॉस, मोड आलेल्या भाज्यांच्या सुरळीत चिकन स्टॉक, तिळाच्या गोळ्यांच्या सारणात चरबी, आंब्याच्या पुडिंगमध्ये जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून बनतं ते), ही यादी इथे लांब आहे.

वेटर कागद घेऊन वळला, थांबला, परत आला. त्याने टर्निप केकच्या ओळीवर बोट ठेवलं, आईंकडे पाहिलं, भुवया उंचावल्या आणि हात आडवा हलवला. मुलाला वाटलं ऑर्डर कन्फर्म करतोय. त्याने मान हलवली, अंगठा दाखवला. वेटर गेला.

टोपल्या आल्या. वड्या मधोमध आल्या. मुलानेच त्यातली एक उचलून आईंच्या वाटीत घातली. आईंनी एक घास घेतला, चावला, आणि तेवढ्यात सुनेला दुसऱ्या वडीच्या कापलेल्या कडेत लालसर तुकडा दिसला.

आईंनी घास नॅपकिनमध्ये काढला. काही बोलल्या नाहीत. पाणी प्यायल्या आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. मावशी हळूच म्हणाल्या, ‘ताई, अजाणता झालंय, असू दे.’ त्यावर आईंनी फक्त मान हलवली. ज्यांच्या घरात असं कधी झालंय त्यांना माहीत आहे की ही शांतता रडण्यापेक्षा कठीण असते.

समोर कोणते पर्याय होते

पहिली प्रतिक्रिया टेबलावर जवळपास सगळ्यांची एकच होती, वेटरला ऐकू येत नाही म्हणून गोंधळ झाला. हे कुणी मोठ्याने बोललं नाही पण सगळ्यांच्या मनात तेच होतं, आणि पुढचे सगळे पर्याय त्याच गृहीतकावर उभे राहिले.

मावशींचं मत, काहीच बोलू नये. ‘अरे, त्या पोराची नोकरी जाईल. चांगल्या कामासाठी चालवलेली जागा आहे, आपण गुपचूप बिल देऊ आणि जाऊ.’ मायेने म्हणत होत्या त्या, मला ते पटत नव्हतं तरी त्यातली माया दिसत होती. पण गप्प राहिलो असतो तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या आईबरोबर हेच झालं असतं.

मुलाला सुपरवायझरला बोलवायचं होतं. काउंटरवर एक बाई होत्या, त्यांना ऐकू येत होतं, इंग्रजी येत होतं. सोपं काम. पण म्हणजे समोर उभ्या असलेल्या, आपली ऑर्डर घेतलेल्या माणसाला वगळून त्याच्या वरच्याकडे जायचं. सुनेने इथे अडवलं. ती म्हणाली, ‘दुसऱ्या कुठल्याही हॉटेलात आपण आधी वेटरला विचारतो ना, यात काय घातलंय म्हणून? मग इथे का नाही?’ मला वाटतं या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच, आणि तो एका साध्या प्रश्नाने आला.

आणखी एक पर्याय मुलाच्या हातात फोनवर तयारच होता, ऑनलाइन रिव्ह्यू. रागात लिहिलेला असता तर ‘कर्णबधिर स्टाफ, ऑर्डर चुकते’ एवढंच लोकांनी वाचलं असतं. आणि सगळ्यांना घेऊन उठून दुसरीकडे जायचं, हेही होतंच, पण आईंना अजून काहीतरी खाऊ घालायचं होतं आणि बाहेर ऑगस्टचं ऊन.

काय केलं

टेबलावर एक बटण होतं, दाबलं की वर छोटा दिवा लागतो. सुनेने दाबलं. वेटर आला. तिने वड्यांकडे बोट दाखवून त्याच्याच वहीत भाषांतर करून लिहिलं, यात काय काय आहे?

त्याने लगेच लिहिलं: मुळा, तांदळाचं पीठ, सुकी कोळंबी, सॉसेज. मग त्याची नजर आईंच्या वाटीकडे गेली आणि चेहराच बदलला. त्याने ऑर्डरचा कागद आणला, टर्निप केकवर बोट ठेवलं, आईंकडे दाखवलं, हात आडवा हलवला, भुवया उंचावल्या. तेच सगळं, त्याच क्रमाने. आणि खाली लिहिलं: मी विचारलं होतं, या बाई खाणार नाहीत ना? तुम्ही हो म्हणालात.

म्हणजे त्याने बरोबर ओळखलं होतं. फोनवरचं वाक्य त्याने नीट वाचलं होतं, लक्षात ठेवलं होतं, वड्यांची ऑर्डर बघून थबकला होता आणि परत येऊन विचारलं होतं. खुणांच्या भाषेत भुवया उंचावणं म्हणजे प्रश्न, चेहरा हा त्या भाषेच्या व्याकरणाचाच भाग आहे. मुलाने मान हलवली ती ‘हो हो, आणा’ अशी, त्याने वाचली ती ‘हो, त्या खाणार नाहीत’ अशी. आणि टेबलावर हार गाव पण मागवलेले, म्हणजे बाकीचे सगळं खाणारे आहेत, वड्या त्यांच्यासाठी असतील, हा त्याचा निष्कर्षही अगदी योग्य होता. त्याच्या जागी ऐकू येणारा, घाईत असलेला वेटर असता तर परत येऊन विचारलंच असतं का, मला शंका आहे.

मुलाने त्याची माफी मागितली, वहीत लिहून आणि हात जोडून. ते बघून आई पहिल्यांदा बोलल्या, ‘त्याला सांग, त्याची चूक नाही म्हणावं.’

मग सुपरवायझर बाई स्वतःहून आल्या, वेटरनेच बोलावलं त्यांना, त्या खुणांनी त्याच्याशी आणि इंग्रजीत आमच्याशी बोलत होत्या. आता खरा प्रश्न होता की आई-मावशींनी यापुढे इथे काही खायचं का. आईंनी जे विचारलं ते मला सुचलंही नसतं: ‘हे सगळं एकाच वाफेवर शिजतं का?’

हो, एकाच. बांबूच्या टोपल्या एकावर एक रचून एका कढईवर ठेवतात, टोपल्यांना खाली जाळी असते, वरच्या टोपलीतला रस आणि थेंब खालच्या टोपलीत पडू शकतो. भाज्यांचे डंपलिंग सिऊ मायच्या खाली असतील तर शाकाहारी म्हणायला अर्थ नाही. सुपरवायझर बाईंनी इथे जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं, त्यांनी गोड गोड आश्वासन दिलं नाही. सरळ सांगितलं की नेहमीच्या रचनेत आम्ही खात्री देऊ शकत नाही, पण सिफूंना विचारते. सिफूंनी वेगळ्या छोट्या भांड्यात नवीन पाणी घेऊन, नव्या टोपलीत कागद घालून भाज्यांचे डंपलिंग एकटेच वाफवून दिले. पालेभाजी ऑयस्टर सॉस न घालता, नुसता सोया सॉस आणि तिळाचं तेल. गोडात तिळाचे गोळे नकोत म्हणाले कारण त्यांच्या आतल्या कमळाच्या बियांच्या सारणात चरबी आहे, त्याऐवजी लाल चवळीसारख्या दाण्यांची गोड पातळ खीर दिली, ती चालणारी होती.

मावशींनी सगळं खाल्लं. आईंनी खीर घेतली आणि चहा. डंपलिंगला हात लावला नाही, आणि कुणी आग्रहही केला नाही, हे बरं झालं.

बिलाच्या वेळी परत एक पेच. सुपरवायझर बाईंनी वड्यांचे पैसे काढून टाकले होते. मुलगा म्हणाला नाही, वेटरने विचारलं होतं, आम्ही हो म्हटलं होतं, पैसे आमचेच. ते दिले. आईंना मग त्या वेटरच्या हातात वेगळी नोट द्यायची होती. सून म्हणाली, ‘आई, बिलात सर्व्हिस चार्ज आहेच, आणि नोट दिली तर त्याला वाटेल आपण दया करतोय. त्यापेक्षा त्याने काम किती नीट केलं ते कार्डवर लिहू.’ आईंना ते लगेच पटलं नाही. आपल्याकडे मोठ्या माणसाने लहानाच्या हातावर काही ठेवणं यात दया नसते, आशीर्वाद असतो, आणि त्यांच्या मनात तेच होतं. शेवटी फीडबॅक कार्डवर आईंनी मराठीत चार ओळी लिहिल्या, सुनेने खाली चिनी भाषांतर लिहिलं. बाजूला काय चुकीचं झालं आणि का झालं, तेही सविस्तर लिहिलं.

काय निष्पन्न झालं

सुपरवायझर बाईंचं म्हणणं मला नंतर कळलं ते असं, की त्यांच्याकडे तक्रारी फारच कमी येतात. लोक छान छान म्हणून जातात, ताटात पदार्थ तसाच राहिलेला असतो, आणि तो का राहिला हे कधीच कळत नाही. थंड आला होता? खारट होता? खाता येत नव्हता? काही नाही. त्यांच्या मते आमचं कार्ड त्यांना उपयोगी पडलं कारण त्यात नेमकं काय झालं ते होतं.

बदल झाले ते असे. ऑर्डरच्या कागदाबरोबर आता एक जाड प्लास्टिकचं कार्ड असतं, त्यावर डुक्कर, कोळंबी, मासा, अंडं, लसूण-कांदा यांची मोठी चित्रं आहेत, जे चालत नाही त्यावर गिऱ्हाईकाने पुसता येणाऱ्या पेनाने स्वतः फुली मारायची, आणि कोण खाणार नाही त्या खुर्चीचा नंबर लिहायचा. चित्रं त्या वेटरनेच काढली. शंका आली की वेटर आता मान हलवणं किंवा अंगठा स्वीकारत नाही, वहीत लिहूनच घेतो. आम्ही भारतीय लोक मान जशी हलवतो त्यावरून हो की नाही ते कुणालाच कळत नाही, असं त्याने मला लिहून सांगितलं, आणि ते खरंच आहे.

दुसरी गोष्ट आम्हाला कळली ती या गडबडीत. हाँगकाँगमध्ये पुष्कळ बौद्ध आणि ताओ परंपरेतले लोक चिनी चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहारी जेवतात, आणि त्या शाकाहारात कांदा, लसूण, पात हे उग्र पदार्थही चालत नाहीत. म्हणजे आपल्या चातुर्मासाच्या जेवणाच्या किती जवळ. पंधरावा दिवस साधारण आपल्या पौर्णिमेलाच येतो. त्या दोन दिवशी या कॅफेतही सिफू पूर्ण शाकाहारी टोपल्या वेगळ्या कढईवर लावतात. कांदा-लसूण नसलेलं डिमसम त्यांच्यासाठी काही नवीन नव्हतंच, आम्ही चुकीच्या दिवशी गेलो होतो.

आई भारतात परत जायच्या आधी एक पौर्णिमा मिळाली. त्या दिवशी सून दोघींना घेऊन परत गेली, आईच म्हणाल्या जाऊया. तोच वेटर होता. आईंनी कार्डवर स्वतः फुल्या मारल्या, आणि या वेळी डंपलिंग खाल्ले.

वेगळं काय करता आलं असतं

मिश्र टेबलावर एकच ऑर्डर न देता आई-मावशींची ऑर्डर वेगळ्या कागदावर द्यायला हवी होती. हा एवढा एक बदल केला असता तर वेटरचा अंदाज चुकायला जागाच राहिली नसती, आणि टोपल्याही वेगळ्या ठेवता आल्या असत्या.

जायच्या आधी फोन किंवा मेसेज करून विचारता आलं असतं. अशा कॅफेंना मेसेज चालतो, उलट फोनपेक्षा तोच बरा. ‘आमच्यात दोघी कांदा-लसूण आणि अंडं खात नाहीत, कोणत्या दिवशी येऊ?’ एवढं विचारलं असतं तर पौर्णिमेची गोष्ट आधीच कळली असती.

कॅफेच्या बाजूने बघायचं तर मेन्यूवर टर्निप केकखाली घटक लिहायला हवेत, अजूनही ते लिहिलेले नाहीत. कार्ड चांगलं आहे पण ते गिऱ्हाईकाला माहीत असलेल्या गोष्टींवरच चालतं, चरबी आणि जिलेटिन यांची चित्रं त्यावर नाहीत, आणि आपल्याकडून येणाऱ्या माणसाला पुडिंगमध्ये जिलेटिन असतं हे ठाऊक नसतं. मी हे त्यांना लिहून कळवलंय. सुपरवायझर बाईंचं उत्तर आलं, की मेन्यू परत छापायला पैसे लागतात, पुढच्या छपाईत बघू, तोपर्यंत चरबी आणि जिलेटिन असलेल्या पदार्थांपुढे पेनाने छोटा त्रिकोण काढायला सांगितलंय. कुणी तिथे गेलात आणि त्रिकोण दिसला नाही, तर वहीत लिहून विचारा.